दक्षिणेकडची घरं

दक्षिणेकडची अकरा घरं नकाशातून गेली होती.

प्रज्ञा तायडेनं कागद आधी फिरवून पाहिला, मग पुन्हा सरळ धरला. छपाईला जाणारा शेवटचा नकाशा म्हणून गिरासे सरांनी तो तिच्यापुढे सरकवला होता. कुरखेड्याच्या टेकाडाचा उत्तरेकडचा भाग त्यात ठसठशीत काळ्या रेघांनी काढलेला होता. घरांच्या कडा, खांबांची भोकं, चुली, रांजणांचे खड्डे, सगळं जिथल्या तिथे. खाली मात्र कोरा कागद. जिथे तिनं दोन हिवाळे उकिडवं बसून मातीचा एकेक पापुद्रा खरवडला होता, तिथे आता उत्तर दिशा दाखवणारा बाण आणि नकाशाचं प्रमाण छापलेलं होतं.

"सर, खालची घरं?"

"ती घरं नाहीत," सर चष्मा पुसत म्हणाले. "गोठे असतील, आडोसे असतील. कशीही उभी केलेली. मोजमापाच्या पुस्तकात त्यांचं काय काम?"

"आत चुली सापडल्यात सर."

"गोठ्यातही चूल पेटते, प्रज्ञा."

डॉ. धनसिंग गिरासे हा खोटं बोलणारा माणूस नव्हता. धुळ्याच्या या संशोधन केंद्रात तिला पीएच.डी.ला घेतलं ते त्यांनीच. तापीकाठची टेकाडं त्यांनी उभ्या आयुष्यात मोटारसायकलवरून पालथी घातली होती. अशा टेकाडांची पांढरी माती लोक शेतात टाकायला ट्रॉल्या भरभरून नेतात. त्या ट्रॉल्यांपुढे सर आडवे झाले होते, एकदा मारही खाल्ला होता. शिंदखेडा तालुक्यातलं कुरखेड्याचं टेकाड वाचलं ते त्यांच्यामुळे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. कुडाच्या भिंती, चोपलेल्या मातीच्या भुई, रंगवलेली मडकी. भिंती केव्हाच मातीला मिळाल्या. उरली ती भुई, आणि तिच्यात खांब रोवल्याची गोल काळपट भोकं. खांब कुजतो, पण त्याच्या जागी साचलेली माती वेगळ्या रंगाची राहते. दोन भोकांमधलं अंतर मोजलं की घर केवढं होतं ते कळतं.

सरांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. घर बांधताना ही माणसं काही ठरलेलं माप वापरत होती का? इजिप्तमध्ये लाकडाच्या मोजकाठ्या सापडल्या. सिंधूच्या शहरांत दगडी वजनं सापडली, विटासुद्धा एकाच प्रमाणातल्या. तापीकाठच्या मातीत लाकूड टिकत नाही, त्यामुळे काठी सापडायची आशा नव्हती. "पण काठी गेली तरी काठीनं मोजलेली घरं आहेत ना," सर वर्गात म्हणत, "घरांवरून उलट काठीकडे जायचं." ते तसे गेलेही होते आणि शेहेचाळीस सेंटिमीटरवर येऊन थांबले होते. या मापाला त्यांनी 'तापी-हात' असं नाव दिलं होतं. पुस्तक तयार होतं. टेकाडाशेजारी माहितीकेंद्र उभं राहत होतं आणि त्याच्या दारावर 'महाराष्ट्राची पहिली मोजकाठी' अशी अक्षरं येणार होती. पुढच्या वर्षी सर निवृत्त होणार होते.

"खालची घरं धरली की हात जुळत नाही," प्रज्ञानं विचारलं, "म्हणून काढली का सर?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "काय म्हणालीस?"

तिनं तेच, तितक्याच आवाजात पुन्हा म्हटलं.

"टेकाडाच्या कडेची वस्ती आहे ती," सर म्हणाले. "गावाबाहेरची. गावातल्या लोकांना माप होतं. त्या लोकांना नसेल. इतकं साधं आहे."

प्रज्ञा दीपनगरची. वडील यादवराव वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे तिचं लहानपण कॉलनीच्या क्वार्टरमध्ये गेलं, जिथे सगळी घरं एका साच्यातली. पण सुट्टीत यावलकडच्या मूळ गावी गेलं की तायड्यांचं घर गावाच्या टोकाला. गाव संपल्यासारखं वाटायचं, मग थोडं मोकळं रान, आणि मग त्यांची आळी. असं का, हे तिनं लहानपणी आईला विचारलं होतं. पार्वताबाईंनी काही न लपवता सांगून टाकलं होतं. त्यामुळे 'त्या लोकांना' हे शब्द तिला नवे नव्हते. नवं इतकंच, की ते आता साडेतीन हजार वर्षं मागे जाऊन बसले होते.

तिला राग आला. पण रागावर प्रबंध उभा राहत नाही, हे सरांनीच शिकवलेलं. तिनं नकाशा टेबलावर ठेवला. "मी पुन्हा तपासून बघते सर," म्हणाली आणि तडक जिनेशकडे गेली.

जिनेश लुणावत जळगावचा. घरी कापडाचा तीन पिढ्यांचा व्यापार, पण हा संख्याशास्त्र शिकला आणि केंद्रात नकाशे-संगणकाच्या कामाला लागला. त्याच्या आईला अजून वाटायचं की पोरगा थोड्या दिवसांत दुकानावर येईल. प्रज्ञाचे सगळे आकडे त्याच्याच संगणकात होते.

"एक सांग," ती म्हणाली, "सरांचा हात खरा आहे का?"

जिनेशनं आधी दार लोटून घेतलं. "हे बघ. माप शोधायचं म्हणजे काय करतो आपण? एक लांबी धरायची, समजा शेहेचाळीस. तिनं प्रत्येक घराला भागायचं. बाकी किती उरते ते बघायचं. सगळीकडे बाकी थोडीच उरली, तर म्हणायचं, हे माप असू शकेल. बरोबर?"

"बरोबर."

"पण माप जितकं लहान धरशील तितकं ते सगळ्याला जुळतं. एक बोट हे माप धर. माझी चप्पल, हे टेबल, इथून जळगाव, सगळं पुऱ्या बोटांत बसतं. म्हणून आपण योगायोगाशी ताडून बघतो. संगणकाला सांगायचं, मनाला येईल तशा लांबीरुंदीची हजारो खोटी गावं बनव. त्या खोट्या गावांतही एखादं माप इतकंच छान जुळतं का? हजारांत एखाद्या वेळी जुळलं, तर आपलं खरं. सारखंच जुळायला लागलं, तर आपलं माप म्हणजे योगायोग."

"मग?"

"उत्तरेकडची घरं घेतली तर दर सहाव्या खोट्या गावात इतकं जुळतं." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "शिवाय सरांनी काही घरं भोकाच्या मध्यापासून मोजलीत, काही बाहेरच्या कडेपासून. मुद्दाम असं मी म्हणत नाही. जुळत गेलं तसं मोजत गेले."

"आणि दक्षिणेकडची?"

जिनेशनं पडदा तिच्याकडे वळवला. दक्षिणेकडच्या घरांचा आलेख जवळजवळ सपाट होता, आणि एकाच जागी सुळक्यासारखा उभा राहिला होता. एक्केचाळीस सेंटिमीटर आणि थोडं.

"असं शेकडो गावांत एखाद्या वेळी दिसतं," तो म्हणाला. "माप असलंच, तर ते खाली आहे, प्रज्ञा. सरांनी जिथून कागद कोरा केला तिथे."

तिनं त्या सुळक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "भोकांचे मध्य कोणी ठरवले?"

"तूच."

"तेच म्हणते. मी ठरवले आणि मलाच हवं ते निघालं. हे असं नाही चालणार."

"आता तू कोणाच्या बाजूनं आहेस?" जिनेश वैतागला.

भोकांचे सरळ वरून काढलेले फोटो होते. तिनं त्यांवरचे क्रमांक पुसले, उत्तर-दक्षिण सगळे एकत्र मिसळले आणि जिनेशला मध्याची खूण करायला लावली. तोच गठ्ठा घेऊन ती कुरखेड्याला गेली आणि कुंदाबाईला बसवलं. उत्खननावर दोन्ही हंगाम कामाला असल्यामुळे काळी भोकं कुंदाबाईच्या ओळखीची होती, पण कुठला फोटो कुठला, हे तिला ओळखता आलं नसतं. ते आता प्रज्ञालाही कळत नव्हतं. मग बाजूला ठेवलेल्या यादीवरून क्रमांक पुन्हा जोडले आणि दोघांच्या खुणांतून अंतरं काढली. सुळका थोडा बुटका झाला, पण जागचा हलला नाही.

एवढ्यावर ती थांबली नाही. कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं कुंदाबाईचं वावर तिनं एका दिवसासाठी मागून घेतलं आणि गावातल्या बायामाणसांना बोलावलं. काम सोपं होतं. प्रत्येकानं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा आपला हात धरून दहा हात लांब आणि सहा हात रुंद घर आखायचं, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकायच्या. मग एकच काठी कापायची आणि सगळ्यांनी त्याच काठीनं तेच घर पुन्हा आखायचं.

"हात कोणाले देवाना शे का मोजाना शे?" कुंदाबाईनं विचारलं आणि बाया हसल्या.

कुंदाबाईचा नवरा उखर्डू बांधावर बसून होता. तो म्हणाला, "बाया काय घर मोजतीन!"

"कुड कोन लीपस? भुई कोन सारस?" कुंदाबाई तिकडे न बघताच म्हणाली. "आते मोजाले तू येशी का?"

उखर्डूभाऊ उत्साहानं आले. सगळ्यांत वाकडं घर त्यांचंच निघालं.

विश्रांतीला सगळे लिंबाखाली बसले तेव्हा प्रज्ञानं सांगितलं, की जुन्या ग्रंथांत मापं लिहून ठेवली आहेत. मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाची रुंदी म्हणजे एक अंगुल, असे चोवीस अंगुल म्हणजे एक हात.

"आन मध्यम बाई कोठे गयी?" कुंदाबाईनं विचारलं.

प्रज्ञानं तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

संध्याकाळपर्यंत सगळं टेपनं मोजून झालं. आपापल्या हातानं आखलेली घरं एकमेकांपासून कितीतरी फटकून होती. कुणाचं घर दुसऱ्याच्या घरापेक्षा दोन वितींनीसुद्धा लांब. काठीनं आखलेली मात्र दोन बोटांच्या आत. आणि टेकाडाच्या दक्षिणेकडची घरं? तीही आपल्या मापाच्या पुऱ्या पटींपासून दोन बोटांच्या आतच. म्हणजे तिथे प्रत्येकानं आपापला हात चालवला नव्हता. त्या वस्तीत एक काठी फिरत होती. नाहीतर गाठी मारलेली दोरी. घरोघर तीच एक.

'कशीही उभी केलेली.' सरांचे शब्द तिला आठवले आणि ती एकटीच हसली.

तेवढ्यात कुंदाबाईनं आपला हात पुढे केला. तिच्या हाताचं माप पाटीवर लिहिलेलं होतं. एक्केचाळीस आणि थोडं. "आम्हनाच हात शे हाऊ!" ती ओरडली, आणि बाकीच्या बायांनी गलका केला.

प्रज्ञानं पाटीवरचा आकडा पुन्हा वाचला. बाईच्या हाताची काठी! असा शोध लागला तर पेपरवाले दारात उभे राहतील. पण ती म्हणाली, "असेल अक्का. नसेलही. बुटक्या माणसाचा हातसुद्धा एवढाच भरतो. मला तसं लिहिता येणार नाही."

कुंदाबाईचं तोंड उतरलं. "तू बी तुना सरसारखीच," ती म्हणाली आणि खुंट्या गोळा करायला गेली.

ते वाक्य प्रज्ञाला पुढचे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

मध्येच एक वेगळंच लचांड उभं राहिलं. तिचा मोठा भाऊ राजदीप जळगावला वकिली करायचा. त्याच्यामागे तरुणांची संघटना होती. वडिलांशी बोलताना त्याला नकाशाची हकिगत कळली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइलवर लिहून टाकलं: आमच्या पूर्वजांची अकरा घरं इतिहासातून पुसली. टेकाडाच्या फोटोसकट. दुपारपर्यंत ते जिल्हाभर फिरलं. प्रज्ञानं त्याला फोन करून धुळ्याला बोलावून घेतलं. बसस्थानकाबाहेरच्या रसवंतीत दोघं समोरासमोर बसली.

"दादा, ते काढ."

"का? खोटं आहे का?"

"ती घरं कोणाची होती मला माहीत नाही. तेव्हा जाती होत्या की नव्हत्या, तेही माहीत नाही. तुलाही नाही."

"आणि तुझे सर 'ते लोक' म्हणतात ते चालतं?" राजदीपचा आवाज चढला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"नाही चालत. म्हणून तर मोजत बसले एवढे दिवस. त्यांनी न मोजता म्हटलं. आता तूही न मोजताच म्हणतोयस."

"मी तुझ्यासाठी लढतोय, पोरी!"

"मला माहीतय. पण उद्या सर म्हणतील, ही भावकीसाठी आकडे जुळवते. मग माझं सगळं मोजणं पाण्यात. मला तुझी मदत हवीय दादा. ती मदत म्हणजे गप्प बसणं."

राजदीपनं रसाचा ग्लास तसाच सोडला आणि उठला. दोन दिवस त्यानं तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मजकूर काढला आणि त्या जागी एकच ओळ टाकली: मोजणी चालू आहे, थांबा.

धुळ्यात परिसंवाद भरला. व्यासपीठावर सर, पुढे दीडदोनशे माणसं, बाहेरगावचे अभ्यासक. सरांच्या निबंधावर सहलेखिका म्हणून प्रज्ञाचं नाव होतं. आदल्या आठवड्यात तिनं ते लेखी काढून घेतलं होतं, आणि विद्यार्थ्यांच्या सत्रात दहा मिनिटं स्वतःसाठी मागून घेतली होती. सरांनी ती नाकारली नाहीत. अध्यक्ष म्हणून तेच बसले.

प्रज्ञा उभी राहिली. पहिलाच नकाशा तिनं दक्षिणेचा लावला. मग खोटी गावं, मग वावरातली काठी. नाव न घेता, पण काही न लपवता, एकाच नकाशात दोन तऱ्हांनी मोजलं की काय होतं तेही दाखवलं. सर समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते.

पहिला प्रश्न बडोद्याहून आलेल्या एका ज्येष्ठ बाईंचा. "भोकांचे मध्य तुम्हीच ठरवलेत. मग यावर विश्वास का ठेवायचा?"

"माझे मध्य वापरलेच नाहीत बाई." तिनं मिसळलेल्या फोटोंची गोष्ट सांगितली. "आणि सगळे फोटो, सगळे आकडे मी सर्वांसाठी खुले ठेवलेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजा."

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं.

मग सर स्वतः बोलले. "अकरा घरं. फक्त अकरा घरांवरून तू एका मापाचा निष्कर्ष काढतेस?"

"कमी आहेत सर, मान्य. म्हणून मी 'सिद्ध झालं' असं म्हटलंच नाही. 'दिसतं' म्हटलंय." तिनं पडद्यावर उत्तरेचा नकाशा लावला. "पण उत्तरेची तर नऊच आहेत."

सभागृहात कोणीतरी हसलं, आणि हसू दाबल्याचा आवाज त्याहून मोठा झाला.

"वेळ संपली," सर म्हणाले.

चार दिवसांनी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "मी तुझा मार्गदर्शक राहू शकत नाही," ते म्हणाले. "हातात खुरपं कसं धरायचं हे मी शिकवलं तुला. तू भर सभेत मला नऊ घरं मोजून दाखवलीस."

"मोजायलाही तुम्हीच शिकवलंत सर," ती म्हणाली आणि बाहेर आली. जिन्यावर मात्र तिला रडू आवरलं नाही.

दुसरा मार्गदर्शक जळगावला मिळाला. पुन्हा नोंदणी, पुन्हा आराखडा, पुन्हा समित्यांपुढे उभं राहणं. दीड वर्ष मागे पडली. यादवराव एकदाच म्हणाले, "सरांशी जुळवून घेतलं असतंस तर आज डॉक्टर झाली असतीस." पार्वताबाई आतून म्हणाल्या, "व्हईल ना. घाई कोणाले शे?" सरांचं पुस्तक निघालं, कोऱ्या दक्षिणेसकट. वर्तमानपत्रांत 'तापी-हात' गाजला.

अशात एके दुपारी जिनेशचा फोन आला. माहितीकेंद्राचं उद्‌घाटन परवावर आलं होतं. "गाड्यांसाठी जागा टेकाडाच्या दक्षिणेला धरलीय," तो म्हणाला. "मुरूम येऊन पडलाय. रोलर उद्या संध्याकाळी."

उत्खनन झालं की खड्डे प्लास्टिक अंथरून पुन्हा मातीनं भरतात, पुढच्या कुणाला पुन्हा बघता यावं म्हणून. त्या अकरा घरांच्या भुई तिथेच होत्या, हातभर खाली. वर रोलर फिरला आणि गाड्या उभ्या राहिल्या की चोपलेल्या भुईचा भुगा.

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघाली. तालुक्याच्या कचेरीत तिला दुसऱ्या कचेरीत पाठवलं, दुसरीत पुन्हा पहिलीकडे. मग ती सरळ कुरखेड्याला गेली, कुंदाबाईच्या दारात. सगळं ऐकून कुंदाबाई म्हणाली, "आम्हना हात तू लिखा नही. आते आम्हनी गरज पडनी?"

"हो, पडली," प्रज्ञा म्हणाली. "आणि ते अजूनही लिहिणार नाही."

कुंदाबाईनं तिच्याकडे रोखून बघितलं, मग हसली. "भलती हट्टी शे." आणि शेजारणीला हाक मारली.

शाळेतून मैदानाला टाकायची पांढरी फक्की आणली. उत्खननाच्या वेळी रोवलेले सिमेंटचे ठोकळे अजून जागेवर होते. त्यांच्यापासून माप घेत प्रज्ञानं एकेक कोपरा धरला आणि बायांनी दोरी ताणून रेघा मारल्या. ऊन कलेपर्यंत टेकाडाच्या दक्षिणेला अकरा घरं उभी, म्हणजे आडवी, राहिली. पांढरी, रेखीव, एकमेकांना अंगण देणारी. रोलरवाला आला, त्यानं रोलर थांबवला आणि कुणालातरी फोन लावत बसला.

उद्‌घाटनाच्या सकाळी गाड्या आल्या तेव्हा प्रत्येक घरात दोनतीन बाया बसलेल्या होत्या. कुणी मेथी निवडत होती, कुणी नातवाला मांडीवर घेऊन. कंत्राटदाराचा माणूस हातवारे करत आला. "उठा, उठा! पाहुणे येऊन राहिलेत."

"हाई मनं घर शे," कुंदाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "आठे गाडी लागाव नही."

"अहो, फक्कीचं घर आहे हे!"

"मंग तू फक्कीनी गाडी लाव."

हशा पिकला. पोलिस बोलावू का, अशी भाषा सुरू झाली. राजदीप गर्दीच्या मागे उभा होता. वकिलाचा काळा कोट त्यानं मुद्दाम घातला होता, पण प्रज्ञानं सांगितल्याप्रमाणे तोंड बंद होतं. तेवढ्यात सरांची जीप आली. पांढरा सदरा, गळ्यात आधीच कुणीतरी घातलेला हार. ते उतरले, गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि पांढऱ्या रेघांपाशी थबकले.

"हे कुणी आखलं?"

"मी," प्रज्ञा म्हणाली.

सर रेघेच्या कडेनं चालायला लागले. रेघेवर त्यांनी पाय पडू दिला नाही, हे प्रज्ञानं पाहिलं. एका घराला वळसा घालून ते दुसऱ्याच्या कोपऱ्याशी आले. "खाली प्लास्टिक आहे?"

"आहे सर. तुमच्याच देखरेखीत अंथरलं होतं."

"आणि यावर गाड्या लावणार होते?"

"मुरूम पडलाय ना तो. रोलर तिकडे उभा आहे."

सरांनी मुरुमाचा ढीग बघितला, रोलर बघितला. हे त्यांना आधी माहीत होतं की नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि प्रज्ञानं विचारलंही नाही. त्यांनी गळ्यातला हार काढून जीपच्या बॉनेटवर टाकला आणि कंत्राटदाराच्या माणसाला म्हणाले, "गाड्या रस्त्याच्या कडेला लावा. हा रोलर आत्ताच्या आत्ता टेकाडावरून खाली गेला पाहिजे."

"पण सर, नकाशात तर इथे मोकळी जागा..."

"मी सांगतोय ना!" सर गरजले. ट्रॉल्यांपुढे आडवा झालेला माणूस क्षणभर तसाच दिसला.

रोलर धुरळा उडवत खाली गेला. बायांनी टाळ्या वाजवल्या. सर प्रज्ञाकडे वळले. "माझं मत बदललेलं नाही. ही घरं आहेत असं मी म्हणालेलो नाही."

"मत राहू द्या सर. नकाशा बदला."

"नकाशा!" ते म्हणाले. पायाशी असलेल्या कोपऱ्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "हा खांब तरी इथे होता का? वीतभर पूर्वेला होता. मी स्वतः पाहिलाय."

"इथेच होता."

"पूर्वेला होता, प्रज्ञा."

माहितीकेंद्राच्या दारातून कुणीतरी धावत आलं. पाहुणे बसले आहेत, फीत तयार आहे, सरांनी यावं. सरांनी त्याला हातानंच थांबवलं, जीपमधून टेप मागवला, सदऱ्याची बाही वर सारली आणि भर उन्हात सिमेंटच्या ठोकळ्याशी गुडघे टेकून बसले. कुंदाबाई मेथीची जुडी बाजूला ठेवून बघायला पुढे सरकली.

"हा कोपरा चुकलाय तुझा," सर म्हणाले.

प्रज्ञानं टेपचं दुसरं टोक उचललं आणि ताणून धरलं. "चुकला असेल तर दाखवा," ती म्हणाली.